घरच्या चित्रफितींसाठी टीव्हीचे उपकरण निवडताना

टीव्हीला जोडायची स्टिक किंवा लहानसा डबा विकत घेताना बहुतेक जण त्यावर कोणकोणते ओटीटी मंच चालतात एवढेच पाहतात, आणि त्या दृष्टीने आज बाजारात मिळणारी नामांकित उपकरणे सारखीच समाधानकारक आहेत. मला मात्र त्यांच्याकडून वेगळे काम करून घ्यायचे होते. आमच्या रत्नागिरीच्या घरी बहिणीच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट डिजिटल करून घेतलेली आहे, मुंजीच्या तीन व्हीसीडी आहेत, वडिलांच्या कीर्तनांच्या एमपी3 फाइली आहेत आणि गेल्या काही वर्षांत घरातल्या चार मोबाइलवर काढलेले फोटो व चित्रण आहे. हे सारे एका जुन्या लॅपटॉपला जोडलेल्या हार्ड डिस्कवर एकत्र केले आहे. ते आईला माजघरातल्या 43 इंची टीव्हीवर, कोणालाही हाक न मारता, रिमोटने लावता यावे एवढीच अपेक्षा होती. या अपेक्षेसाठी चार उपकरणे वापरून पाहिल्यानंतर माझी कसोटी एकच उरली: घरात असलेली फाइल घरातल्या टीव्हीवर लावताना उपकरणाने घराबाहेर कोणाची परवानगी मागता कामा नये.

सुरुवात चुकीची झाली. दुकानदाराच्या सांगण्यावरून मी मोबाइलचा पडदा जसाच्या तसा टीव्हीवर दाखवणारा एक स्वस्त डोंगल आणला. अशी उपकरणे बहुधा मिराकास्ट या पद्धतीवर चालतात. वाय-फाय अलायन्सने ती 2012 मध्ये आणली आणि तिला राउटर किंवा इंटरनेट लागत नाही, ही तिची खरी जमेची बाजू आहे. परंतु तिच्यात मोबाइलला स्वतःचा पडदा सतत नव्याने संकुचित करून पाठवत राहावे लागते, त्यामुळे बॅटरी झपाट्याने उतरते, चित्र अडखळते आणि मध्येच फोन आला तर तोही टीव्हीवर झळकतो. आयफोनमध्ये तर मिराकास्टची सोयच नाही. पाहुण्यांना चार फोटो दाखवायला हे पुरते. तीन तासांचे लग्न पाहायला पुरत नाही.

कास्ट करणे ही याहून वेगळी गोष्ट आहे आणि हा फरक दुकानात कोणी समजावून सांगत नाही. कास्ट करताना मोबाइल फक्त आज्ञा देतो आणि टीव्हीकडील उपकरण स्वतः फाइल ओढून घेते. म्हणून चित्र स्वच्छ दिसते आणि मोबाइल इतर कामाला मोकळा राहतो. गूगलने जुलै 2013 मध्ये 35 डॉलरला आणलेल्या पहिल्या क्रोमकास्टने ही पद्धत घरोघरी पोहोचवली. तिच्यातही एक गोम आहे. टीव्हीवर चित्र दाखवणारे कास्टचे ॲप हे मुळात इंटरनेटवरून उतरवले जाणारे वेबपान असते, त्यामुळे फाइल शेजारच्या खोलीत असली तरी नेट नसेल तर कास्ट सुरूच होत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात फायबरची तार तुटणे नवे नाही, आणि टीव्हीसमोर बसायला निवांत वेळ मिळतो तोही त्याच दिवसांत. मार्च 2025 मध्ये दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट उपकरणे जगभर एकाएकी बंद पडली होती. त्यामागचे कारण एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपणे हे होते. गूगलने ती नंतर दुरुस्त केली हे खरे, तथापि स्वतःच्या मुंजीचे चित्रण पाहण्यासाठी दूरवरच्या एखाद्या प्रमाणपत्राच्या मुदतीवर अवलंबून राहावे लागू नये असे मला मनापासून वाटते. म्हणून ज्या उपकरणावर स्वतंत्र प्लेयर बसवता येतो आणि जे लॅपटॉपवरील फोल्डर घरच्या नेटवर्कवरून थेट उघडते, तेच या कामाचे. अनेकांना शंका असते की अशाने नेटचा डेटा खर्च होईल; तो होत नाही, कारण फाइल राउटरपर्यंत जाऊन घरातच फिरते.

आता वाय-फायविषयी, कारण निम्म्या तक्रारींचे मूळ उपकरणात नसून येथे असते. आमचे घर जांभ्याच्या चिऱ्यांचे आहे, भिंती दीड फुटाच्या आहेत, राउटर ओटीवर आणि टीव्ही माजघरात. 5 गिगाहर्ट्झचा वेगवान पट्टा अशा दोन भिंती ओलांडताना अगदी क्षीण होतो, 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा पलीकडे पोहोचतो, पण त्याचा वेग मर्यादित असतो आणि शेजारपाजारच्या राउटरांची गर्दीही त्याच पट्ट्यावर असते. कोणत्या फाइलीला किती वेग लागतो हे माहीत असले की पुढचा अंदाज बांधता येतो. व्हीसीडीला सेकंदाला जेमतेम दीड मेगाबिट पुरतात, डीव्हीडीला जास्तीत जास्त दहा. आयफोनवर 4के आणि सेकंदाला 30 चौकटी या प्रमाणात, एचईव्हीसी या नव्या, फाइल लहान ठेवणाऱ्या पद्धतीने केलेले चित्रण मिनिटाला सुमारे 170 मेगाबाइट जागा घेते, म्हणजे, एका बाइटचे आठ बिट धरून, सेकंदाला जवळपास 23 मेगाबिट. म्हणूनच आमच्याकडे लग्नाची कॅसेट सुरळीत चालत असे आणि गेल्या गणपतीत मोबाइलवर घेतलेली आरती मात्र दर मिनिटाला थांबत असे.

यात माझ्या उशिरा लक्षात आलेली एक बाब अशी की लॅपटॉप आणि टीव्हीचे उपकरण दोन्ही वाय-फायवर असतील, तर तीच फाइल हवेतून दोनदा जाते, एकदा लॅपटॉपपासून राउटरपर्यंत आणि पुन्हा राउटरपासून टीव्हीपर्यंत. दोन्ही एकाच पट्ट्यावर असली तर मिळणारा वेग साधारण निम्म्यावर येतो. मी लॅपटॉप ओटीवरच ठेवून लॅनच्या वायरीने राउटरला जोडला, आणि एक पैशाचेही नवे उपकरण न घेता आरती थांबायची बंद झाली. त्याआधी हार्ड डिस्क राउटरच्याच यूएसबी खाचेत लावून पाहिली होती. परंतु तो राउटर नेटवर्कवरून फोल्डर देण्यासाठी एसएमबी या पद्धतीची पहिली आवृत्ती वापरत होता, आणि असुरक्षित ठरलेली ही आवृत्ती विंडोज 10 मध्ये 2017 पासून मुळात बसवलेलीच नसते, त्यामुळे लॅपटॉपला डिस्क दिसेना. ज्यांना हा मार्ग घ्यायचा असेल त्यांनी राउटर दुसरी किंवा तिसरी आवृत्ती देतो का हे आधी तपासावे.

जुन्या फाइलींचे प्रश्न निराळे असतात आणि परीक्षणांत त्यांचा उल्लेख क्वचितच आढळतो. व्हीसीडी उघडली की एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमध्ये डॅट प्रत्यय असलेली फाइल मिळते. अनेक टीव्हींचे स्वतःचे प्लेयर ती ओळखत नाहीत. व्हीएलसी हा मोफत प्लेयर ती विनातक्रार वाजवतो. चित्र 352 बाय 288 बिंदूंचे असल्याने मोठ्या टीव्हीवर ते पुसट दिसणारच, त्याला कोणतेही उपकरण जबाबदार नाही. कॅसेटवरून घेतलेल्या चित्रणात मात्र हलणाऱ्या माणसांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात. पूर्वीच्या टीव्हीवर एक चौकट दोन अर्ध्या भागांत, एकाआड एक रेषांनी रंगवली जात असे, त्याचा हा परिणाम आहे. प्लेयरमध्ये डीइंटरलेस हा पर्याय चालू केला की त्या रेषा नाहीशा होतात.

दुसरी गोष्ट चौकटींच्या गतीची. आपल्याकडे कॅमेरे पाल या जुन्या टीव्ही पद्धतीचे होते, म्हणजे सेकंदाला 25 चौकटी. आजची उपकरणे मात्र टीव्हीला बहुधा सेकंदाला 60 या गतीने चित्र देतात, आणि 60 ला 25 ने पूर्ण भाग जात नाही. मांडवातील छायाचित्रकार कॅमेरा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवतो तेव्हा चित्र बारीक हिसके देत सरकते ते यामुळे. ॲपल टीव्ही, फायर टीव्ही ही उपकरणे आणि कोडी हे प्लेयरचे ॲप या सर्वांमध्ये मूळ गतीशी जुळवून घेण्याची सेटिंग आहे, पण ती शोधून चालू करावी लागते. ती चालू केल्यावर लग्नातली पंगत पहिल्यांदा डोळ्यांना त्रास न देता पाहता आली, आणि माझ्या मते कागदावरच्या प्रोसेसरच्या तुलनेपेक्षा ही एक सेटिंग अधिक मोलाची आहे.

उपकरणांपैकी शाओमीचा ‘मी बॉक्स 4के’ हा मे 2020 मध्ये 3,499 रुपयांना आला. त्याला यूएसबी खाच आहे, दोन्ही पट्ट्यांचे वाय-फाय आहे आणि प्ले स्टोअरवरून व्हीएलसी व कोडी दोन्ही सरळ घेता येतात. 2 जीबी मेमरी आज तोकडी वाटते, फोटोंचा मोठा फोल्डर उघडायला थोडा धीर धरावा लागतो. तरीही नेट गेले तर पेनड्राइव्ह लावून काम भागते हा त्याचा गुण मला सर्वांत मोठा वाटतो. गूगल टीव्ही या प्रणालीसह येणारा क्रोमकास्ट वापरायला अधिक नेटका आहे आणि त्यावर कास्टही होते व स्वतंत्र ॲपही चालते. मात्र 8 जीबीच्या साठ्यातील बरीचशी जागा प्रणालीच व्यापते, एकमेव यूएसबी-सी खाच विजेसाठी खर्ची पडते, आणि ऑगस्ट 2024 मध्ये गूगलने क्रोमकास्टचे उत्पादनच थांबवल्याचे जाहीर केले. शिल्लक माल मिळाला तरी नव्याने घेण्याची शिफारस मी करणार नाही.

ॲमेझॉनच्या फायर टीव्ही स्टिक 4केचे चित्र आणि रिमोट दोन्ही उत्तम आहेत. तिचा मुखपडदा प्रामुख्याने ओटीटीच्या जाहिरातींसाठी रचलेला असल्याने घरच्या फाइलींपर्यंत पोहोचायला दोन-चार पायऱ्या जास्त चढाव्या लागतात. कोडी तिच्या अधिकृत दुकानात नाही, ते बाहेरून बसवावे लागते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे: सप्टेंबर 2025 मध्ये जाहीर झालेल्या फायर टीव्ही स्टिक 4के सिलेक्टमध्ये अँड्रॉइडऐवजी व्हेगा ही कंपनीची स्वतःची प्रणाली आहे आणि तिच्यावर अँड्रॉइडची ॲप बाहेरून बसवता येत नाहीत. नावे इतकी सारखी आहेत की खोक्यावरचा शब्दन् शब्द वाचूनच घ्यावे.

ॲपल टीव्ही 4के भाच्याकडून महिनाभर वापरायला आणला होता. 2022 च्या या डब्याचा वेग इतर तिघांच्या कितीतरी पुढे आहे, आयफोनवरील चित्रण एअरप्ले या ॲपलच्या स्वतःच्या कास्टसारख्या सोयीने क्षणात टीव्हीवर येते आणि जाहिरातींचा भडिमार नाही. त्याला यूएसबी खाच नाही. लॅनची खाचही फक्त 128 जीबीच्या प्रकारात आहे, 64 जीबीच्या नाही. घरातील सर्वांकडे आयफोन असेल तर पंधरा हजारांच्या आसपासची किंमत मी योग्य म्हणेन. आमच्या घरी तसे नाही.

व्हीएलसी फोल्डर जसेच्या तसे दाखवते, आणि आईला ‘लग्न’, ‘मुंज’, ‘कीर्तन’ अशी देवनागरी नावांची तीन-चार फोल्डरेच हवी असल्याने तेच आमच्याकडे टिकले. फाइली शेकड्यांत असतील किंवा टीव्हीला न झेपणाऱ्या प्रकारच्या असतील, तर लॅपटॉपवर जेलीफिन हा मोफत सर्व्हर बसवावा. तो जाता जाता फाइलीचे रूपांतर करून देतो, मात्र त्यासाठी लॅपटॉप बऱ्यापैकी सशक्त लागतो.

उपकरणाला वीज टीव्हीच्या यूएसबी खाचेतून देऊ नये, ती अनेकदा अपुरी पडून उपकरण मध्येच पुन्हा सुरू होते. सोबतचा ॲडॅप्टर इन्व्हर्टरच्या जोडणीवर लावावा. टीव्हीत एचडीएमआय-सीईसी चालू करावे, म्हणजे टीव्हीच्याच रिमोटने सर्व चालते. सॅमसंगमध्ये त्याचे नाव ॲनीनेट प्लस, एलजीमध्ये सिंपलिंक आणि सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक असे आहे. टीव्ही मुळातच अँड्रॉइड किंवा गूगल टीव्ही असेल, तर आधी त्यावर व्हीएलसी बसवून पाहावे, कदाचित काहीच विकत घ्यावे लागणार नाही. घ्यावेच लागले, तर यूएसबी खाच असलेला गूगल टीव्हीचा डबा निवडावा, आणि परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी एक व्हीसीडीची फाइल, एक कॅसेटवरून घेतलेली आणि एक मोबाइलवरची 4के अशा तिन्ही फाइली, राउटरची फायबरची तार काढून ठेवून, त्यावर लावून पाहाव्यात.