संचार साथी : आपल्या नावावर किती सिम चालू आहेत, ते एकदा बघाच

कराडात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांची आधार कार्डं हातातून जातात, म्हणून दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' या वेबसाइटबद्दल लिहावंसं वाटलं. 2023 पासून सुरू आहे, फुकट आहे, तरी कितीतरी जणांना माहीतच नाही.

यातली सगळ्यात कामाची सोय म्हणजे आपल्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत, ते दिसतं. आपला मोबाइल नंबर आणि कॅप्चा (चित्रात दिसणारी अक्षरं) भरायचा, ओटीपी टाकला की यादी समोर. आधार, पॅन, बँक खातं काहीही विचारत नाहीत. आमच्या बचत गटातल्या एका मावशींची यादी काढली तर तीन नंबर निघाले. एक त्यांचा, एक मुलाचा. तिसरा घरात कुणाच्याच ओळखीचा नाही. मावशी घाबरल्याच, "अगं, त्यावरून कुणी कुणाला लुबाडलं तर पोलीस माझ्या दारात यायचे!" त्या नंबरावर 'माझा नंबर नाही' अशी खूण करून तक्रार केली. तक्रारीचा क्रमांक येतो, तो लिहून ठेवा.

ओटीपी टाकताना मावशी बिचकल्या होत्या, आणि ते योग्यच होतं. त्यांना सांगितलं, फोनवर कुणी मागितला तर ओटीपी कधीच सांगायचा नाही. इथे 'संचारसाथी डॉट गव्ह डॉट इन' हा पत्ता आपण स्वतः टाइप केलाय. कुणी पाठवलेल्या लिंकवरून हे पान उघडू नका.

ॲपही आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये प्रत्येक नव्या फोनमध्ये ते आधीच घालून देण्याचा आदेश निघाला होता, ओरड झाल्यावर डिसेंबरात मागे घेतला. ॲप बऱ्याच परवानग्या मागतं, त्यामुळे मी गिऱ्हाइकांना वेबसाइटच वापरायला सांगते. तेवढ्यात काम होतं.

वेबसाइटवरच्या 'चक्षु' या भागात "आज रात्री तुमची वीज तोडू", "केवायसी संपलीय" असले फोन आणि मेसेज कळवता येतात, स्क्रीनशॉटही जोडता येतो. मात्र पैसे गेले असतील तर इथे वेळ घालवू नका. तिथल्या तिथे 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा. चोरट्यांनी पैसे पुढे फिरवण्याआधी कळलं, तरच ते मधे अडवता येतात. बँकेचा मेसेज आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा, तिथे ते विचारतात.