कॉलम गुलाबी झाला म्हणून पैसे देऊ नका

२०१९ आणि २०२१ ला सांगलीत ज्यांच्या घरात कृष्णेचं पाणी शिरलं, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितोय. कॉलमला उभ्या चिरा दिसायला लागल्या की गल्लीत ‘केमिकल ट्रीटमेंट’वाले फिरू लागतात. आमच्या दारात आलेला ठेकेदार भलताच गोड बोलायचा. “काका, हवामान बदललंय, जुनं काँक्रीट आता तग धरत नाही.”

यात खोटं काही नव्हतं, पंचाईत तीच. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये मुरतो आणि ज्या चुन्याच्या अंशामुळे सळई गंजत नाही, तोच मारून टाकतो. मग नुसती ओल पुरते. सळई गंजते, फुगते, वरचं काँक्रीटचं कव्हर फोडते. हा वायू पूर्वी हवेच्या दहा लाख भागांत २८० होता, आता ४२० च्या वर गेलाय. उष्णता वाढली की तो आत सरकतोही लवकर. त्यात आपल्याकडं कधी पूर, कधी करपवणारा उन्हाळा.

ठेकेदाराच्या माणसांनी पोपडे खरवडले, सिमेंटचा गिलावा मारला. तो वाळल्यावर साहेबांनी बाटलीतलं फेनॉल्फ्थॅलीन फवारलं, म्हणजे चुना जिवंत असेल तिथं गुलाबी होणारं रसायन. कॉलम गर्द गुलाबी! “बघा, काँक्रीट ठणठणीत. दहा वर्षांची गॅरंटी.” उरलेले पैसे घेतले, वर काळं कोटिंग फासलं.

चाचणी खरी, जागा खोटी. नवा सिमेंट गिलावा कंपाउंडच्या भिंतीवर असला तरी गुलाबीच होणार. जुनं काँक्रीट सळईपर्यंत फोडायचं, धूळ झटकायची आणि त्या ताज्या तुटलेल्या भागावर फवारायचं असतं. जिथं रंग येत नाही तिथवर चुना मेलाय. ती खोली पट्टीनं मोजायची. ती सळईपर्यंत पोचली असेल तर दुखणं आतलं आहे.

पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच जागी चिरा आल्या. इंजिनिअरनं फोडून दाखवलं तर आतल्या सळईला तारेचा ब्रशसुद्धा लागलेला नव्हता, गंजाचे थर हातात येत होते. गॅरंटीचा कागद काढला, तर ती फक्त कोटिंगची! फोन अर्थातच लागत नाही.

आता स्लॅबला टेकू देऊन काम चाललंय. सळईच्या मागपर्यंत फोडायचं, गंज घासून लोखंड उघडं पाडायचं, झिजलेल्या सळईला नवी जोडायची, गंजरोधक लावायचं, मगच मायक्रो-काँक्रीट, म्हणजे बारीक खडीचं, ओतून भरायचं काँक्रीट. घासलेली सळई डोळ्यांनी बघितल्याशिवाय मोठा हप्ता सोडू नका. “फोडायची गरज नाही काका,” असं कुणी म्हणालं, तर चहा पाजून वाटेला लावा.