खोक्यात नवा, फीलर गेजवर जुना

इंजिनातून टक-टक येत होती. गरम झाल्यावरही जाईना, व्हॉल्व्हचं अंतर दोनदा लावलं तरी जाईना. शेवटी वरचं कव्हर काढलं, तर तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट लोबचं, म्हणजे धूर सोडणारा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उंचवट्याचं, नाक झिजून बोथट झालेलं. कड नखाला लागत होती. म्हणजे कॅमशाफ्ट, हे लोब ज्यावर असतात तो दांडा, बदलणं आलं.

काम घरीच केलं आणि नीट केलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळा वाद त्यावरच आला. पहिला सिलिंडर टीडीसीवर (पिस्टन अगदी वर असतो त्या जागी) आणला, खुणा जुळवल्या, टायमिंग बेल्ट स्प्रॉकेटला (कॅमच्या दातेरी चाकाला) प्लास्टिकच्या पट्टीने बांधला, म्हणजे दात चुकायला नको. बेअरिंग कॅपचे बोल्ट एकेक करून काढले नाहीत. सगळे अर्धा-अर्धा फेरा ढिले करत गेलो, कारण खालून स्प्रिंगा रेटत असतात आणि एकच टोक मोकळं केलं तर बिडाचा शाफ्ट तडकू शकतो. कॅपवरचे आकडे नि बाण यांचे फोटो काढले. रॉकर, म्हणजे लोबचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या दांड्या, नवे टाकले. बसवताना लोबना असेंब्ली पेस्ट लावली, बोल्ट टॉर्क पान्याने आवळले. मग स्टार्टरला हात न लावता क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, हाताने पूर्ण दोन फेरे फिरवला. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक. टायमिंग फार चुकलं असलं तर इथेच अडतं, व्हॉल्व्ह वाकायच्या आधी.

शाफ्ट ऑनलाइन घेतला होता. ‘कंपनीचा, नवा, सीलबंद’. किंमत इतरांपेक्षा थोडीशीच कमी. फारच कमी असती तर मला शंका आली असती, आणि हे विक्रेत्यालाही माहीत असणार. खोकं झकास, आत तेलकट कागद, कागदात काळाभोर शाफ्ट, त्यावर आरशासारखे लोब. माल पोचला त्याच दिवशी विक्रेत्याचा मेसेज : “साहेब, पाच तारे द्या.”

आता माझा गाढवपणा. व्हॉल्व्हचं अंतर लावायला घेतलं तेव्हा रॉकरचे स्क्रू नेहमीपेक्षा बरेच आत घ्यावे लागले. एकदोन नव्हे, सगळे. अर्ध्या फेऱ्याहून जास्त. झीज कधी अशी येत नाही, ती एका लोबवर जास्त, दुसऱ्यावर कमी असते. सगळीकडे सारखाच फरक याचा अर्थ लोबची मागची गोल बाजूच लहान आहे. फीलर गेज, म्हणजे रॉकर नि व्हॉल्व्हमधली ही फट मोजायची पट्टी, मला तोंडावर सांगत होता, आणि मी म्हणालो, नवे रॉकर आहेत, असेल तसं. आवाज गेला होता ना! पाच तारे दिले. वर ‘गाडी लोण्यासारखी चालते’ असंही लिहिलं.

पाच आठवड्यांत टक-टक परत. ऑइल काढलं तर त्यात चंदेरी चकाकी, फिल्टर कापला तर घड्यांमध्ये लोखंडाचा चुरा. शाफ्ट बाहेर काढला. दोन लोब उघड झिजलेले, बाकीच्यांवर खवले. तेव्हा कुठे मायक्रोमीटर हातात घेतला. नाकाला काटकोनात, म्हणजे मागच्या गोल बाजूचं, माप घेतलं, जुन्या शाफ्टचे न झिजलेले लोब ३०.० मिमी, या ‘नव्या’चे सगळेच्या सगळे २९.४. म्हणजे झिजलेला शाफ्ट ग्राइंडरवर घासून त्याला पुन्हा आकार दिलेला. लिफ्ट, म्हणजे लोब व्हॉल्व्हला जेवढा उघडतो ती उंची, बरोबर होती, म्हणूनच गाडी छान चालली. पण अशा शाफ्टचा कडकपणा वरच्या थरातच असतो. तो थर घासून काढला आणि पुन्हा कडक केला नाही, तर खालचं मऊ बीड रॉकरखाली किती दिवस टिकणार?

मग बाकीचं सापडत गेलं. थिनरचा बोळा फिरवला तर काळा रंग फडक्यावर आला. नव्या शाफ्टवरचा खरा, फॉस्फेटचा काळा थर थिनरने निघत नाही. पुढच्या टोकाला, जिथे ऑइल सील बसतं, तिथे तिरपा उजेड पाडला की बारीक गोल रेघ दिसत होती. सीलच्या ओठाने पाडलेली ती खूण पॉलिश करूनही पुरती गेली नव्हती. आणि कापसाची काडी ऑइलच्या भोकात घातली तर राखाडी चिखल, म्हणजे घासकामाची भुकटी. तीच माझ्या बेअरिंगमधून पाच आठवडे फिरत होती. ही तिन्ही तपासण्या शाफ्ट बसवायच्या आधी टेबलावर दहा मिनिटांत झाल्या असत्या.

फोन केला. त्याने मापं ऐकूनच घेतली नाहीत.

“बसवला कुणी?”

“मीच.”

“मग झालं. घरी बसवलेल्या मालाला वॉरंटी नाही, साहेब. गॅरेजचं बिल असेल तर बोला.”

या माणसाचं सगळं गणित इथेच आहे. घरी काम करणारा आपलीच चूक आधी शोधतो. मीही दोन रात्री टॉर्कचे आकडे पुन्हा पडताळत बसलो होतो. मापांचे फोटो, रंग लागलेलं फडकं, सगळं पाठवलं. उत्तर नाही. ज्या ठिकाणाहून घेतला तिथली परत करायची मुदत केव्हाच संपली होती.

घासून पुन्हा तयार केलेला शाफ्ट म्हणजे लबाडी, असं मी म्हणत नाही. तो सरळ धंदा आहे. चांगला कारागीर तसं स्पष्ट सांगतो, घासल्यावर नायट्राइड करून, म्हणजे वरचा थर पुन्हा कडक करून देतो, नवं माप लिहून देतो. माझा राग खोक्यावरच्या ‘नवा’ या शब्दावर आहे.

दुसरा शाफ्ट आणला तेव्हा खोकं उघडतानापासून व्हिडिओ चालू ठेवला, मापं घेईपर्यंत. लोबच्या बाजूच्या कडेवर, जिथे रॉकर लागत नाही, तिथे बारीक कानस हलकेच ओढून पाहिली. घसरली, चावली नाही, म्हणजे थर कडक. अंतर लावताना स्क्रू जिथल्या तिथे बसले.

त्या विक्रेत्याचं पान अजून चालू आहे. माझे पाच तारे मी काढले, लोण्याचं वाक्य पुसलं आणि २९.४ एवढंच लिहिलं. खालची बाकीची कौतुकं वाचली. जवळजवळ सगळी माल मिळाल्याच्या पहिल्या आठवड्यातली आहेत.