स्लीव्हनंतरचे दिवस काढायचे कुठे: इंग्लंड, इस्तंबूल की पुणे?

इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या माणसाला वजन कमी करायचं ऑपरेशन करायचं तर तीन वाटा दिसतात. एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, रांगेत थांबा, इस्तंबूलला जाऊन या, नाहीतर पुण्या-मुंबईत घरच्यांजवळ करून घ्या. बहुतेकजण आधी खर्च विचारतात. मी दोन वर्षांपूर्वी पुण्यात यातलंच एक ऑपरेशन, स्लीव्ह, करून घेतलं. मला कोणी विचारलं, तर मी उलट विचारते: ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी तुम्ही कुठे असाल?

स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग कापून काढतात आणि उरलेली कड स्टेपलने बंद करतात. ही कड झिरपली, तर ते बऱ्याचदा डिस्चार्ज मिळाल्यावरच कळतं. ताप येतो, नाडी १२०च्या वर राहते, पोटदुखी वाढत जाते, कधी डाव्या खांद्यात कळ येते. अशा वेळी ऑपरेशन करणारा सर्जन हाकेच्या अंतरावर असावा.

इस्तंबूलचं पॅकेज साधारण आठवड्याचं असतं: दोन-तीन रात्री हॉस्पिटल, मग हॉटेल. विमान चारच तासांचं, हा खरा फायदा. पण दहाव्या दिवशी तुम्ही इंग्लंडात आणि सर्जन तिकडे. जिवावर बेतलं तर एनएचएस उपचार करतंच, पण इंग्लंडातल्या डॉक्टरला आत काय केलंय हे कागदावरूनच समजणार.

पुण्याला जायचं तर मुंबईहून परतीचा प्रवास नऊ तासांहून जास्त. पोटाच्या ऑपरेशननंतर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका काही आठवडे राहतो, लांबच्या विमानप्रवासात तो वाढतो. म्हणून आठवड्यात परतायचा बेत करू नका. मी चार आठवडे राहिले. त्याचा फायदा जेवणात झाला. पहिले दोन आठवडे वरणाचं पाणी, पातळ ताक, गाळलेलं मुगाचं कढण. पुढचे दोन सगळं मिक्सरमधून काढून. आहारतज्ज्ञाला कढण म्हणजे काय हे समजावून सांगावं लागलं नाही.

अडचणही घरचीच. भेटायला येणारा प्रत्येकजण डबा आणतो, आई म्हणते ‘एक घास तरी घे’. तिसऱ्या आठवड्यात मी दोन चमचे गुरगुट्या भात खाल्ला आणि रात्रभर उलट्या काढल्या. तेव्हा घरच्यांना आधीच बसवून सांगा. आणि उलट्या दोन-तीन दिवस थांबल्या नाहीत, तर ‘पित्त झालं असेल’ म्हणून घरी बसू नका. शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व संपतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

एनएचएसची रांग लांब, पण पुढे दोन वर्षं त्यांचीच टीम तुम्हाला सांभाळते. शिवाय एक गोष्ट आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नसते: दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांसाठी ऑपरेशनसाठीची बीएमआयची (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अट २.५ने कमी आहे. म्हणजे ४०च्या जागी ३७.५, आणि मधुमेहासारखा आजार असेल तर ३५च्या जागी ३२.५. तिकीट काढण्याआधी जीपीला, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरला, हे विचाराच.

माझं मत: जीपीने नाही म्हटलं, पुण्यात माणसं आहेत आणि महिन्याची रजा मिळते, तर पुणे. रजा आठवड्याचीच असेल, तर इस्तंबूलही नको आणि पुणेही नको. रजा साठेपर्यंत थांबा.

बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या आणि वर्षाला रक्ततपासणी जन्मभर लागते, शाकाहाऱ्यांनी बी-१२कडे विशेष लक्ष द्यावं. परदेशात केलेल्या ऑपरेशनची पुढची देखरेख प्रत्येक जीपी घेतोच असं नाही. त्यांचं उत्तर जाण्याआधी लेखी घ्या, आणि येताना ऑपरेशनचा सविस्तर अहवाल व सर्जनचा फोन नंबर हातातल्या बॅगेत ठेवा.