कुमातेत्सु की इओझेन : बरा बाप कोण?

मामोरू होसोदाच्या ‘द बॉय अँड द बीस्ट’ या जपानी अॅनिमेशनपटात (२०१५) प्राण्यांच्या नगरीचा पुढचा प्रमुख होण्यासाठी दोघांत चुरस आहे. रानडुकराच्या रूपातला इओझेन म्हणजे शिष्यांचा गोतावळा, दोन मुलगे, गावात मान. अस्वलासारखा कुमातेत्सु मात्र आळशी, तापट, आणि शिष्य एकही टिकत नाही.

शिकवण्यात कुमातेत्सु अगदीच ढ. तलवार कशी धरायची, तर म्हणे छातीतली तलवार धर! माणसांच्या जगातून आलेला त्याचा नवा शिष्य, नऊ वर्षांचा आईवेगळा क्यूता, त्याला यातून काय कळणार? दोघं दिवसभर एकमेकांवर खेकसतात. शेवटी पोरगा स्वतःच युक्ती काढतो. गुरू झाडू मारो की जेवो, हा मागे उभा राहून हुबेहूब नक्कल करतो. हळूहळू गुरूचं पाऊल कुठे पडणार हे त्याला न बघता कळू लागतं, आणि मग कुमातेत्सुच त्याच्याकडून शिकायला लागतो. कुमातेत्सुलाही लहानपणी ना आईबाप होते, ना गुरू.

इओझेनचा थोरला इचिरोहिको खरं तर माणसाचं टाकून दिलेलं मूल. आपल्याला सुळे का फुटत नाहीत, असं तो विचारतो. बाप प्रेमाने समजूत घालतो, खरं सांगत नाही. हेतू चांगलाच, पण पोर आतून पोखरत जातं आणि शेवटी कुमातेत्सुच्याच पाठीत तलवार खुपसतं.

गुरू म्हणून मी इओझेनकडेच जाईन. बाप म्हणून कुमातेत्सु हवा. तो भांडेल, पण फसवणार नाही. (क्यूताचा सख्खा बापही पुढे भेटतो, तो भला आहे, पण त्याच्या वाट्याला सिनेमा फारसा आलेला नाही.)