२५० ग्रॅमच्या अलीकडे की पलीकडे? साताऱ्या-सांगलीत हौसेचा ड्रोन घेताना

कासच्या फुलांचे नाहीतर कृष्णाकाठचे व्हिडिओ बघून ड्रोन घ्यायचं मनात आलं, की लोक आधी कॅमेरा विचारतात. माझ्या मते आधी वजन विचारावं, मग कागद, कॅमेरा त्यानंतर. २०२१ च्या ड्रोन नियमांत तुमच्या मागं किती लचांड लागणार हे वजनच ठरवतं. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढं दोन किलोपर्यंत मायक्रो. हौशी माणसाची निवड या दोनांतलीच.

ओळख क्रमांकाबाबत दोघांत वाटतो तेवढा फरक नाही. हा क्रमांक, म्हणजे यूआयएन, ड्रोनची नंबर प्लेट. सरकारी पोर्टलवर नोंदणी करून मिळते, फी शंभर रुपये. 'नॅनोला काहीच लागत नाही' असं सर्रास सांगतात, त्याचं मूळ २०१८ च्या जुन्या नियमांत आहे. तेव्हा ५० फुटांच्या खाली उडणाऱ्या नॅनोला क्रमांकातून सूट होती. आताच्या नियमांत नॅनोला टाइप सर्टिफिकेट (ड्रोनचं मॉडेल तपासून दिलेली मान्यता), पायलटचं सर्टिफिकेट आणि विमा या तिन्हींतून मोकळीक आहे, पण नोंदणीतून वगळलेलं नाही.

मायक्रोचं जरा वेगळं. निव्वळ हौस असेल आणि ड्रोन नजरेसमोरच उडवणार असाल, तर टाइप सर्टिफिकेट लागत नाही, पायलटचंही नाही. तिसऱ्या पक्षाचा विमा, म्हणजे ड्रोनमुळं दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा, मात्र हवाच. पण ओळखीच्या कुणाच्या लग्नाचं शूटिंग केलं आणि हातात पाकीट आलं, की ती हौस राहिली नाही. मग मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण, सर्टिफिकेट, दहावी पास आणि वय १८ ते ६५ ही अट, सगळं आलं. नॅनोवर पैसे कमावले तरी पायलटचं सर्टिफिकेट मागितलेलं नाही. प्री-वेडिंगवाल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

स्वतः जुळणी करून उडवणाऱ्यांसाठी एक खुबी सांगतो. यूआयएन नुसता ड्रोनला चिकटत नाही. त्याच्या फ्लाइट कंट्रोलरचा (उड्डाण सांभाळणाऱ्या बोर्डाचा) आणि रिमोटचा सिरीयल नंबरही त्याला जोडलेला असतो. पडझड झाली आणि बोर्ड बदलला, की पोर्टलवरची नोंदही बदलायची. दर महिन्याला काहीतरी उघडून बसणाऱ्याला हे जाचक होतं, तयार ड्रोन घेणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता सरकार ड्रोनवर थेट नजर ठेवतं का, हा प्रश्न. नियमांत तशी तरतूद आहे. ड्रोन कुठं आहे, किती उंचीवर, किती वेगात, त्याचा क्रमांक काय, हे सतत सांगणारा बीकन, परवानगीशिवाय उड्डाणच न होऊ देणारी व्यवस्था आणि जिओफेन्सिंग (ठरलेल्या हद्दीबाहेर ड्रोनला जाऊ न देणं), हे सगळं केंद्र सरकार पुढं सक्तीचं करू शकतं. तसं केलं तर किमान सहा महिन्यांची मुदत द्यावी लागेल. अमेरिकेत हे आधीच आलंय. तिथं नोंदणी लागणारा ड्रोन उडताना स्वतःची आणि उडवणाऱ्याची जागा प्रसारित करत असतो, आणि जवळचा कुणीही ती मोबाइलवर बघू शकतो. नावगाव मात्र फक्त यंत्रणांना कळतं. तिथंही निव्वळ हौसेचा २५० ग्रॅमच्या आतला ड्रोन यातून सुटतो. आपल्याकडं बीकन आला तर नॅनोला सूट मिळेलच असं धरून चालू नका. मायक्रोवर लाख-दीड लाख घालणार असाल, तर बीकन नंतर बसवता येईल का हे दुकानदाराकडून लेखी घ्या.

वजनाची एक फसगत. २५० ग्रॅम म्हणजे बॅटरी आणि वर लावलेलं सगळं धरून. २४९ ग्रॅमच्या ड्रोनला जादा क्षमतेची बॅटरी घातली किंवा पात्याचे गार्ड लावले, की तो गुपचूप मायक्रोत जातो. कंदी पेढ्याच्या नाहीतर बेदाण्याच्या दुकानातल्या काट्यावर सगळ्या साजासकट एकदा ठेवून बघा.

नॅनोची खरी अडचण वारा. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या. तिथं हलका ड्रोन पुढं जाण्याऐवजी मागं सरकतो, आणि परत आणायला बॅटरी पुरत नाही. सांगलीच्या सपाटीवर, उसाच्या रानात नॅनो बिनघोर. घाटमाथ्यावर मायक्रोच तग धरतो.

उंचीच्या बाबतीत दोघांना माफी नाही. ग्रीन झोनमध्ये, म्हणजे जिथं परवानगीशिवाय उडवता येतं तिथं, मर्यादा १२० मीटर, म्हणजे ४०० फूट, आणि ती ड्रोनच्या खालच्या जमिनीपासून मोजायची. अजिंक्यताऱ्याच्या तटावरून ड्रोन उडवला आणि सरळ साताऱ्याच्या दिशेनं नेला, तर स्क्रीनवर १० मीटर दिसत असतील, पण खालचं शहर जवळपास ३०० मीटर खोल आहे. म्हणजे मर्यादा केव्हाच ओलांडली, आणि तिथं हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. कास, चांदोली आणि कोयनेच्या जंगलात वनखात्याला विचारल्याशिवाय ड्रोन बाहेर काढूच नये. शिवाय पोलीस अधीक्षक कुठलाही भाग ९६ तासांपर्यंत रेड झोन, म्हणजे ड्रोनला बंदी असलेला भाग, करू शकतात. पालखी, विसर्जन, मोठी सभा असली की उड्डाणाआधी पोलीस ठाण्यात विचारून घेतलेलं बरं. दंड एक लाखापर्यंत जाऊ शकतो.

पुण्या-मुंबईतून 'बाहेरचा आहे, स्वस्तात देतो' म्हणून येणारा ड्रोन मी यादीतच धरत नाही. फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनची आयात बंद आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेचा अपवाद आहे, पण हौस त्यात बसत नाही. आयातीचा कागदच नसेल तर पोर्टलवर नोंद कशाच्या जोरावर करणार?

सांगली, मिरज, तासगावच्या सपाटीवर उडवणाऱ्याला मी नॅनोच सांगेन. साताऱ्याच्या पश्चिमेला, वाऱ्यात जाणारा असेल तर मायक्रो, आणि विम्याचा हप्ता खर्चात आधीच धरून.