ग्लस्टरवरून डेटा हलवताना: एफपीसिंक की डीसिंक?

ग्लस्टर म्हणजे अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून एकच साठा दाखवणारी फाइल सिस्टिम. रेड हॅटने ग्लस्टर स्टोरेजचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२४ ला बंद केला, तेव्हापासून तिथला डेटा एफपीसिंकने हलवायचा की डीसिंकने (दोन्ही समांतर कॉपी करणारी साधनं), हा प्रश्न बऱ्याच जणांपुढे आहे. बारीक फाइल्सचा ढीग नुसत्या आरसिंकने, म्हणजे फाइल्स कॉपी करायच्या नेहमीच्या साधनाने, हलत नाही, हे सांगायला नको. नेटवर्क रिकामं असतं, वेळ खातो तो एकेका फाइलचा स्टॅट (आकार, तारीख वगैरे विचारणं). त्यात ग्लस्टरला वेगळा मेटाडेटा सर्व्हर (कोणती फाइल कुठे आहे ते सांगणारा) नाही, त्यामुळे एक फोल्डर वाचायचं तरी सगळ्या ब्रिक्सचं (सर्व्हरवरच्या साठ्याच्या तुकड्यांचं) दार वाजवावं लागतं.

एफपीसिंक मला आजही आवडतो. फाइल्सच्या याद्या पाडतो, प्रत्येक यादीवर आपला ओळखीचाच आरसिंक सोडतो आणि फोल्डरांचं सगळं झाड फिरून व्हायची वाट न बघता कॉपीला लागतो. मध्येच तुटलं तर तिथून पुढे चालू. डीसिंकसाठी आधी एमपीआय (अनेक मशीन्सवर एकच काम वाटून चालवणारी यंत्रणा) बसवा, तेही सगळ्या मशीन्सवर जुळणारं. शिवाय तो फाइल्सची यादी मेमरीत धरतो, त्यामुळे रॅमचा हिशोब आधीच करावा लागतो.

एवढं असूनही माझं गाडं अडलं ते शेवटच्या फेरीत. कॉपी चालू असताना लोक काम थांबवत नाहीत. फाइल्स पुसतात, फोल्डरची नावं बदलतात. सोर्सवर जे उरलंच नाही ते एफपीसिंकच्या यादीत येत नाही, म्हणून टार्गेटवर तसंच पडून राहतं. नाव बदललेलं फोल्डर दोन्ही नावांनी दिसतं. मग ऐन कटओव्हरच्या (जुना साठा सोडून नव्यावर जायच्या) रात्री, सगळ्यांना बाहेर काढून, एकट्या आरसिंकची डिलीटवाली फेरी! म्हणजे ज्याला कंटाळून निघालो, त्याच्याच दारात. फोल्डरनिहाय वाटणी केली तर डिलीट चालतं म्हणा, पण आमच्याकडे लाखो फाइल्सचं एकच सपाट फोल्डर होतं. ते समांतर चालणाऱ्यांपैकी एकाच वर्करच्या गळ्यात पडलं, बाकीचे मोकळे.

डीसिंक दोन्हीकडची झाडं समांतर फिरतो, फरक काढतो आणि सांगितलं तर जादाचं त्याच फेरीत पुसतो. कटओव्हरची रात्र पुष्कळ सुसह्य झाली. दुसऱ्या सेटअपवर अनुभव वेगळा येऊ शकतो.

पुसापुशी न होणारा जुना संग्रह असेल, तर एमपीआयच्या भानगडीत पडू नका, एफपीसिंक पुरे. रोज वापरात असलेल्या व्हॉल्यूमसाठी (ग्लस्टरच्या साठ्यासाठी) मी डीसिंकच घेईन. मात्र डिलीट लावण्याआधी ड्रायरन (काही न बदलता नुसती चाचणी) घ्या, आणि काहीही निवडलं तरी व्हॉल्यूम दोन-चार मशीन्सवर माउंट करा. एकच फ्यूज क्लायंट (मशीनवर ग्लस्टर माउंट करणारा प्रोग्रॅम) लवकर गुदमरतो.